बियांपासून अडेनियम: नाव वाळवंटाचं, पण पहिला महिना ओला

अडेनियमची माझी पहिली वीस रोपं गेली ती त्याच्या नावापायी. वाळवंटी गुलाब म्हणतात, म्हणजे याला पाणी बेताचंच हवं, असं धरून मी बी पेरल्या दिवसापासून हात आखडता घेतला. बी रुजलं, दोन जाडसर पानं वर आली आणि आठवड्याभरात सगळी पोरं वाळून काडी झाली. पुढच्या खेपेला मी कान पकडले आणि रोज न चुकता पाणी घातलं. ती रोपं तीन महिन्यांची झाली, बाळसं धरलं, आणि मग एकेक करून बुडाशी मऊ पडून सडली.

दोन्ही वेळा गोंधळ वयाचा होता. तान्ह्या रोपाला मोठ्या झाडाची शिस्त लावली आणि वाढत्या रोपाला तान्ह्याचे लाड केले. बियांपासून अडेनियम वाढवताना मला जे काही कळलं, त्यातलं निम्मं एवढ्यातच आलं: पहिले तीन-चार आठवडे हे झाड वाळवंटातलं आहे हे विसरायचं, आणि त्यानंतर ते कधीच विसरायचं नाही.

बी पेरायचा खटाटोप कशाला, छाटकलम लावलं तर फूल लवकर येतं, असं कुणीही सांगेल. खरं आहे. पण मग ते गुबगुबीत बूड येत नाही. फांदी लावली तर तिला मुळं फुटतात, फुलंही येतात, पण तिचा बुंधा वर्षानुवर्षं फांदीसारखाच सरळसोट राहतो. बियांच्या रोपात मात्र मूळ आणि पहिली पानं यांच्या मधला दांड्याचा तुकडाच फुगतो, आणि पाणी साठवायची ती गाठ, ज्याला सगळे कॉडेक्स म्हणतात, पहिल्याच महिन्यात दिसू लागते. पीटर फोर्स्कोल नावाचा निसर्गशास्त्रज्ञ डेन्मार्कच्या राजाने पाठवलेल्या मोहिमेतून अरबस्तानात गेला आणि १७६३ साली येमेनमध्येच वारला. त्याची टिपणं १७७५ मध्ये छापली गेली, त्यात हे झाड कण्हेरीच्या प्रजातीत घातलं होतं आणि पुढे ‘ओबेसम’ असं जोडलेलं होतं, म्हणजे लठ्ठ. १८१९ मध्ये त्याची वेगळी प्रजाती झाली, अडेनियम. पण लठ्ठपणाचं विशेषण तसंच राहिलं. फुलापेक्षा त्याचं बूडच आधी डोळ्यांत भरलं असणार.

कण्हेरीचं नातं आणखी एका कारणाने लक्षात ठेवायला हवं. याचा चीक विषारी आहे, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारा. आफ्रिकेत तो बाणांच्या टोकांना लावत असत. छाटणी करताना हातमोजे घाला, चिकाचा हात डोळ्यांना लावू नका, काम झालं की साबणाने हात आणि कात्री दोन्ही धुवा. घरात रांगतं मूल किंवा पानं चावणारं जनावर असेल, तर कुंडी उंचावर.

बी ताजं हवं, बाकी सगळं नंतर

अडेनियमच्या शेंगा बहुधा जोडीने येतात, बैलाच्या शिंगांसारख्या फाकलेल्या. पिकायला दोन-तीन महिने लागतात, हवा थंड असेल तर जास्तही. शेंग पिकली की शिवणीवर उसवते. आत बिया दाटीवाटीने रचलेल्या असतात: प्रत्येक बी साधारण एक सेंटिमीटर लांबीची, फिकट तपकिरी, बारीक नळकांड्यासारखी, आणि दोन्ही टोकांना सोनेरी केसांचा झुबका. रुईच्या म्हातारीला एकच झुबका असतो, ती हवेत तरंगत जाते. हिचे दोन झुबके म्हणजे जणू दोन चाकं आणि बी म्हणजे मधला आस. वारा आला की जमिनीवरून घरंगळत निघते.

म्हणूनच शेंगेचा हिरवा रंग उतरून ती राखाडी-तपकिरी व्हायला लागली, की तिला दोन-तीन ठिकाणी दोऱ्याने बांधून टाका, किंवा जाळीदार कापडाची पिशवी चढवा. मी ‘उद्या बांधू’ म्हणून सोडली होती ती शेंग दुपारच्या झोपेत उघडली. उठून पाहते तर कुंड्यांच्या मागच्या कोपऱ्यात नुसता कापूस, आणि बिया कुठल्या कुठे.

विकत घेणार असाल तर एकच गोष्ट खोदून विचारा: बी कधी काढलेलं आहे. ताजं बी जवळजवळ सगळं रुजतं. काही महिने उलटले की रुजण्याचं प्रमाण झपाट्याने घसरतं, आणि वर्षभर उघड्यावर पडलेल्या बियांकडून मी फार आशा ठेवत नाही. हातात आल्यावर बोटाच्या आणि अंगठ्याच्या चिमटीत हलकेच दाबून बघा. चांगलं बी भरीव लागतं, दबत नाही. पोचट बी चपटं होतं, आत हवाच असते. पाण्यात टाकून बुडलं तर चांगलं, तरंगलं तर वाईट, ही कसोटी इथे लावू नका. हे बी हलकं असतं, चांगलं असूनही बराच वेळ तरंगतं. मी तरंगणाऱ्या बिया फेकून देत असे. एकदा फेकलेल्याच कचऱ्याच्या ढिगात उगवलेल्या दिसल्या, तेव्हा शहाणी झाले.

रंगाबद्दल आधीच मन घट्ट करून ठेवा. अडेनियम बियांतून आईसारखं येईलच असं नाही. दुहेरी पाकळ्यांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या फुलांची झाडं कलम करून वाढवतात ती त्यामुळेच. पाकिटावर निळंशार फूल छापलेलं असेल तर ते पाकीट खाली ठेवा, निळं अडेनियम नसतंच. मी एकदा गर्द जांभळ्या, गच्च पाकळ्यांच्या चित्राला भुलून बारा बिया घेतल्या होत्या. नऊ रुजल्या आणि नऊच्या नऊ साध्या गुलाबी निघाल्या. त्यातल्या एकीचं बूड मात्र असं काही घाटदार झालं, की रंगाची तक्रार करायची सोय राहिली नाही.

कधी पेरायचं

पंचांग बघू नका, रात्रीचं तापमान बघा. दिवसा २८ ते ३२ अंश सेल्सियस आणि रात्री २० च्या खाली नाही, अशी हवा पुढचे किमान चार महिने मिळणार असेल तो मुहूर्त. यापेक्षा गार हवेत बी रुजायला उशीर करतं, आणि ओल्या गार मातीत पडून राहिलेलं बी बुरशीच्या तावडीत सापडतं. शिवाय थंडी सुरू होईपर्यंत रोपाचं बूड निदान अंगठ्याएवढं जाड झालेलं असलं, तर पहिला हिवाळा ते निभावून नेतं. काडीएवढ्या बुडाच्या रोपाकडे थंडीत जगायला साठाच नसतो.

माती: दोन वयांची दोन मिश्रणं

पेरणीसाठी मी निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि निम्मं परलाइट, म्हणजे कुंड्यांच्या मातीत घालतात ते पांढरे हलके खडे, घेते. परलाइट नसेल तर धुतलेली जाड वाळू, गव्हाच्या दाण्याएवढी. बांधकामाची पिठासारखी बारीक वाळू नको. ती माती मोकळी करायच्या ऐवजी सिमेंटसारखी घट्ट बसवते. कोकोपीट आधी भिजवून, पिळून, दोन-तीन वेळा साध्या पाण्याने धुवून घ्या, कारण त्यात पुष्कळदा क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते सोसत नाहीत. खत या मिश्रणात अजिबात घालू नका, शेणखत किंवा गांडूळखतसुद्धा नाही. बी स्वतःची शिदोरी घेऊन येतं. खतातून फक्त बुरशी येते. मिश्रणावर उकळतं पाणी ओतून ते निथळून गार होऊ दिलं, तर बुरशीचा आणि चिलटांच्या अंड्यांचा बराचसा बंदोबस्त होतो.

भांडं सात-आठ सेंटिमीटर खोल असलं तरी चालतं, पण तळाला भोकं भरपूर हवीत. दोन भोकांच्या ट्रेला मी आणखी सहा पाडते.

पेरणी

बिया कोमट पाण्यात तीन-चार तास भिजवा. रात्रभर भिजल्या तरी बिघडत नाही, दोन-दोन दिवस मात्र ठेवू नका, गुदमरतात. झुबके चिकटलेले असतील तर बोटांनी चोळून काढा, ओल धरून बुरशीला आमंत्रण देतात. बुरशीनाशक वापरायचं असेल तर भिजवायच्या पाण्यातच, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका.

मिश्रण आधी ओलं करून घ्या: मुठीत दाबलं तर एखाद-दुसरा थेंब सुटावा, धार लागू नये. त्यावर बिया आडव्या ठेवा. उभ्या खोचू नका. कुठलं टोक वर आणि कुठलं खाली हे आपल्याला ठरवता येत नाही, आडव्या बीला ते बरोबर कळतं. दोन बियांत तीन-चार सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण महिन्याभरात त्यांची बुडं एकमेकांना टेकायला लागतात. वरून तीन ते पाच मिलिमीटर मिश्रण भुरभुरवा, जेमतेम झाकलं जाईल इतकंच. नखाएवढी खोली पुरे. खोल गेलेलं बी वर येता येताच दमतं.

ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्या, पृष्ठभाग गडद दिसला की काढा. वरून झारीने पाणी घातलं तर हलक्या बिया एका कोपऱ्यात गोळा होतात, मग पुढे रोपं झुंडीने उगवतात. ट्रेवर पारदर्शक झाकण किंवा प्लॅस्टिकची पिशवी घाला आणि उजेड असेल पण थेट ऊन नसेल अशा जागी ठेवा. बंद झाकणाखाली ऊन पडलं तर आत भट्टी होते. रोज एकदा झाकण उघडून, आतल्या बाजूला जमलेलं पाणी पुसून, पाच मिनिटं वारा लागू द्यायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मातीला तडे जातात. ताज्या बियांचा मोठा लोंढा आठवड्याच्या आत वर येतो, मागे राहिलेल्या दहाव्या दिवसापर्यंत. पंधरा दिवस झाल्यावरही न उगवलेली बी उकरून बघा; दाबल्यावर मऊ, चिकट लागली तर संपलं. रोज उकरून बघण्याचा मोह मात्र आवरा. मला तो आवरत नाही, म्हणून मी चार बिया मुद्दाम ट्रेच्या कडेला लावते, नुसत्या उकरून बघायला.

पहिला महिना

अर्धीअधिक रोपं वर आली, की झाकण दोन दिवस किलकिलं ठेवा आणि मग काढूनच टाका. यात जो उशीर करतो त्याची रोपं कोलमडतात. संध्याकाळी ताठ उभं असलेलं रोप सकाळी आडवं पडलेलं असतं, मातीलगतचा दांडा दोऱ्यासारखा बारीक आणि पाणचट झालेला. हे पडलेलं रोप वाचत नाही. ते आणि त्याच्याभोवतीची चमचाभर माती उचलून फेकून द्या, ट्रे मोकळ्या वाऱ्यात ठेवा, माती वरून कोरडी होऊ द्या, आणि उरलेल्यांवर बुरशीनाशक फवारा. वारा हाच यावरचा खरा इलाज. मी ट्रेसमोर लहान पंखा मंद ठेवते, दिवसातून तास-दोन तास.

काही रोपं बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊनच येतात. बहुतेक जण ते आपणहून टाकतात. दोन-तीन दिवस होऊनही पानं टोपीत अडकून राहिली, तर टोपीवर पाण्याचा एक थेंब सोडा, पंधरा मिनिटं थांबा, मग चिमट्याने टोकाकडून सरकवा. कोरडी टोपी ओढाल तर पानांसकट शेंडा हातात येईल. शेंडा तुटला तरी रोप फेकू नका; काही वेळा ते बुडापासून दोन-तीन फुटवे काढतं आणि भावंडांहून देखणं होतं.

आता पाणी. या महिन्यात मिश्रण पूर्ण कोरडं होऊ द्यायचं नाही. वरचा थर सुकलेला, पण सेंटिमीटरभर खाली ओल, अशी अवस्था आली की पुन्हा खालून पाणी द्यायचं. गरम हवेत हे दर दुसऱ्या दिवशी येईल, दमट हवेत चौथ्या-पाचव्या. बोट खुपसण्याइतकी जागा नसते, म्हणून लाकडी दातकोरणं खोचून ठेवा; बाहेर काढल्यावर त्याचा किती भाग काळपट ओला आहे ते लगेच दिसतं. उजेड भरपूर हवा. रोपं झाकणाबाहेर आल्यावर पहिले काही दिवस सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग हळूहळू तीन-चार तास. उजेड कमी पडला की रोपं उंच, फिकट आणि लुकडी होतात, आणि लुकडं झालेलं बूड पुन्हा गोल व्हायला फार काळ घेतं.

चौथ्या आठवड्यापासून वागणं बदला

पहिल्या दोन जाडसर पानांनंतर येणारी खरी पानं चार-सहा झाली आणि बूड वाटाण्याहून मोठं दिसू लागलं, की ते रोप आता स्वतःचं पाणी साठवू शकतं. इथून पुढे दोन पाण्यांच्या मध्ये माती सुकू द्यायची. एकदम नाही, आठवड्या-आठवड्याने अंतर वाढवत.

साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात त्यांना वेगळं करा. या वेळचं मिश्रण खरखरीत: निम्म्याहून जास्त भाग जाड वाळू, परलाइट किंवा विटांचे बारीक तुकडे, धूळ चाळून काढलेले, उरलेल्यात कोकोपीट आणि ओंजळभर चांगलं कुजलेलं खत. कसोटी सोपी आहे. कुंडीत वरून पाणी ओता. ते पृष्ठभागावर न साचता लगेच खाली गेलं आणि भोकांतून वाहिलं पाहिजे. तळं साठलं तर आणखी खरखरीत करा. कुंडी आठ-दहा सेंटिमीटर रुंदीची पुरे. सुरुवातीलाच मोठी कुंडी दिली, तर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओली राहून आंबते.

रोप काढायच्या आधी माती दोन दिवस कोरडी ठेवा, म्हणजे ती सुटून पडते. चमच्याच्या दांड्याने खालून उचला. बुडाला धरून उपटू नका. मुळं शाबूत असतील तर लगेच लावून टाका. एखादं तुटलं असेल, तर रोप सावलीत कागदावर एक-दोन दिवस नुसतं पडू द्या, जखम सुकू द्या, मग लावा, आणि लावल्यावरही दोन-तीन दिवस पाणी देऊ नका. मातीबाहेर पडलेलं रोप बघून जीव खालीवर होतो. पण त्याच्या पोटात पाणी आहे. ओल्या मातीत गेलेली उघडी जखम हीच सडण्याची सुरुवात असते.

लावताना बूड आधीपेक्षा सेंटिमीटरभर वर घ्या. पुढेही दर वेळी कुंडी बदलताना थोडं थोडं वर, म्हणजे मातीखालची फुगीर मुळं हळूहळू उघडी पडतात आणि झाड पायांवर उभं राहिल्यासारखं दिसतं. अंधारातून वर आलेला हा भाग कोवळा असतो, उन्हात भाजतो. म्हणून पहिले दहा-बारा दिवस कुंडी विरळ सावलीत ठेवायची.

चार-सहा महिन्यांच्या रोपाचं सोटमूळ कापून मुळं आडवी पसरवतात, त्याने बूड बसकं आणि रुंद होतं. बोन्साय करणाऱ्यांचं हे आवडतं काम. धारदार, स्पिरिटने पुसलेल्या पात्याने एकाच घावात कापायचं, कापावर गंधकाची भुकटी किंवा बुरशीनाशक लावायचं, चार-पाच दिवस वाळवायचं आणि मुळांखाली एखादी चपटी फरशी ठेवून लावायचं. पहिल्याच वर्षी सगळ्या रोपांवर हा प्रयोग करू नये असं माझं मत. दोघा-तिघांवर करा, बाकीच्यांची मुळं त्यांच्या मनाने वाढू द्या. मी न कापलेल्या काही झाडांची मुळं अशी वेडीवाकडी, छान गुंफली गेली, की माझ्या हातून तसं काही झालं नसतं.

ऊन, खत, शेंडा

वाढत्या अडेनियमला रोज सहा तास तरी थेट ऊन हवं. सावलीत पानं हिरवीगार राहतात आणि फुलं येत नाहीत. पुष्कळांची ‘झाड मस्त आहे पण फुलतच नाही’ ही तक्रार तिथेच संपते.

खत सहाव्या आठवड्यानंतर सुरू करा: पाण्यात विरघळणारं, संतुलित, पाकिटावरच्या मात्रेच्या पाव भाग, पंधरा दिवसांनी एकदा, आणि तेही ओल्या मातीत. कोरड्या मातीत खताचं पाणी घातलं तर मुळं करपतात. नत्र जास्त झालं की फांद्या लांबतात, पानं मोठी होतात, बूड मागे राहतं. थंडीत पान गळायला लागलं की खत बंद.

रोप वीतभर उंच झालं, की शेंडा खुडायचा का, हा प्रश्न येतो. फूल फांदीच्या टोकाला येतं, म्हणजे जितकी टोकं तितके गुच्छ. म्हणून खुडायचा. उबदार, कोरड्या हवेचे दिवस धरा, पानाच्या जरा वर तिरका काप घ्या, चीक कागदाने टिपा आणि काप सुकेपर्यंत पाण्यापासून जपा. एका शेंड्याच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. याने पहिलं फूल दोन-चार महिने पुढे जातं, हे मात्र धरून चाला.

मऊ बूड: तहान की सड?

सगळ्यात जास्त रोपं चुकीच्या निदानाने मरतात. बूड मऊ लागलं की माणूस एक तर घाबरून पाणी ओततो किंवा घाबरून पाणी तोडतो. आधी अंगठ्याने चारही बाजूंनी दाबा. सगळीकडून सारखंच लिबलिबीत, साल किंचित सुरकुतलेली, रंग नेहमीचा, तर ती तहान. हवा गरम असेल तर भरपूर पाणी द्या, काही दिवसांत पुन्हा टणक होईल. एकाच जागी खड्डा पडतोय, तिथला रंग तपकिरी-काळा, वास आंबूस, तर ती सड. झाड लगेच उपटा, मुळं धुवा, आणि मऊ भाग पांढरा-हिरवट निरोगी गर लागेपर्यंत कापत जा. कापात एक जरी तपकिरी ठिपका राहिला तरी तो पुन्हा पसरतो, म्हणून दया दाखवू नका. पात्याला दर कापानंतर स्पिरिट. मग आठवडाभर, काप मोठा असेल तर दोन आठवडे, सावलीत वाळवून कोरड्या मिश्रणात लावा. मी एका झाडाचं अर्धं बूड असं कापलं. पाच आठवडे त्याने पान हलवलं नाही, मग फुटलं.

थंडीत तापमान १२-१३ अंशांच्या खाली जायला लागलं, की पानं पिवळी पडून गळतात. हे आजारपण नाही, झोप आहे. मोठ्या झाडाचं पाणी जवळजवळ बंद करा. वर्षाच्या आतल्या रोपांना तीन-चार आठवड्यांनी एकदा, भरदुपारी, घोटभर द्या, आणि त्यांना उबदार उजेडात आत घ्या. पाऊस सलग लागणार असेल तर कुंड्या आडोशाला. ओल्या गारव्यासारखा शत्रू या झाडाला दुसरा नाही.

किडींपैकी तिघं ठरलेले. कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांवर पिवळा मावा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निम्मा जातो. पानाच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण, स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा. कोरड्या, तापलेल्या हवेत लाल कोळी. पानावर बारीक फिकट टिपके आणि मागे जाळं दिसतं. कुठलंही तेलकट औषध संध्याकाळीच फवारा, दिवसा फवारलं तर पानं भाजतात.

पहिलं फूल आणि पुढची शेंग

चांगलं ऊन आणि ऊब मिळाली तर आठ-दहा महिन्यांत कळी दिसते. दीड-दोन वर्षं लागली तरी काळजी नको. पहिल्या कळ्या पुष्कळदा न उमलता गळतात. फुललेल्या प्रत्येक झाडाच्या कुंडीवर लगेच रंग आणि तारीख लिहून ठेवा, पानं गळल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

स्वतःचं बी हवं असेल तर वेगवेगळ्या बियांपासून वाढलेली दोन झाडं एकाच वेळी फुलात हवीत, कारण एकाच झाडाच्या फुलांत सहसा शेंग धरत नाही. एकाच झाडाची दोन कलमंही इथे एकच धरायची. फुलाच्या नळीत डोकावलं की पाच पुंकेसर टोकांशी जुळून झालेला शंकू दिसतो, त्यातून केसाळ धागे बाहेर आलेले. पराग या शंकूच्या आत असतात, त्यामुळे वरून कुंचला फिरवून उपयोग नाही. समोरच्या दोन पाकळ्या आणि नळीचा तेवढा भाग फाडून शंकू उघडा करा. दोन पुंकेसरांमधल्या फटीत अगदी बारीक कुंचल्याचे दोन-तीनच केस बुडाकडून घाला आणि वर ओढा, पिवळसर चिकट पराग लागतात. दुसऱ्या झाडाच्या फुलात तसेच फटीतून, बुडाशी आत नेऊन टेकवा. सकाळी करा, पाच-सहा फुलांवर करा, एखादं धरतं. फूल गळून गेल्यावर देठाशी दोन बारीक हिरवी शिंगं फुटलेली दिसली, की दोरा कुठे ठेवलाय ते शोधून ठेवा.